राष्ट्रपतिपद, चौदा बँका आणि नागपूर : १९६९ च्या निवडणुकीची कथा

१/
१९ जुलै १९६९, शनिवार. रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या आणि देशातील चौदा मोठ्या खासगी बँका सरकारच्या मालकीच्या झाल्याचे लोकांना कळले. त्या वटहुकुमावर सही होती हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पदाचा राजीनामा दिला. त्यांना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती.

२/
भारताचा राष्ट्रपती अर्थसंकल्प आखत नाही, कर बसवत नाही, बँका चालवत नाही. तरीही १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आर्थिक धोरणाच्या नावाने लढली गेली. त्या महिन्याभराच्या नाट्यात नागपूरशी नाते असलेले तीन धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात : एक सनदी अधिकारी, एक न्यायाधीश आणि एक ठराव. हे तीन धागे हाती धरले, की या निवडणुकीतली ‘डावे विरुद्ध उजवे’ ही रेषा किती पुसट होती हे उलगडत जाते.

३/
सुरुवात मे महिन्यापासून. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. तेव्हा एक घटनात्मक पोकळी लक्षात आली : उपराष्ट्रपतीनेही पद सोडले तर राष्ट्रपतीचे काम कोण पाहणार? संसदेने त्याच महिन्यात कायदा केला. अशा वेळी सरन्यायाधीशाने ही जबाबदारी सांभाळावी, असे ठरले. या तरतुदीचा उपयोग दोन महिन्यांत होणार होता.

४/
काळ अवघड होता. १९६५ ते १९६७ या काळात लागोपाठ दुष्काळ पडले होते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते. पंचवार्षिक योजना तीन वर्षे थांबल्या होत्या. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्ये गमावली होती. पक्षावर पकड असलेले जुने नेते, म्हणजे ‘सिंडिकेट’, आणि पंतप्रधान यांच्यातला ताण वाढत चालला होता.

५/
जुलैमध्ये काँग्रेस महासमितीची बैठक बंगळूरला भरली. इंदिरा गांधींनी आर्थिक धोरणाविषयीचे एक टिपण तेथे धाडले. काही सुटे विचार, अशा नम्र रूपात ते मांडलेले होते. पण त्यात बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख होता. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांना तो मान्य नव्हता. बँकांवर ‘सामाजिक नियंत्रण’ आणणारा कायदा त्याच वर्षी अमलात आला होता. त्याला वेळ द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. यशवंतराव चव्हाणांनी दोन्ही बाजूंना चालेल असा मसुदा पुढे केला आणि आर्थिक ठराव एकमताने पार पडला.

६/
येथवर धोरणाचा वाद धोरणापुरता होता. १२ जुलैला तेथेच काँग्रेसच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदाचा उमेदवार निवडला आणि सारे चित्र पालटले. इंदिरा गांधींना जगजीवन राम हवे होते. बहुमत नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने पडले. रेड्डींच्या पाठीराख्यांत मुंबईचे स. का. पाटील होते आणि स्वतः चव्हाणही होते. आर्थिक ठरावावर सर्वांना जोडणारा नेता उमेदवाराच्या प्रश्नावर पंतप्रधानांच्या विरोधात गेला. धोरणावरचे मत आणि व्यक्तीवरचे मत एकाच दिशेने जातेच असे नाही, याचा हा पहिला पुरावा.

७/
पुढचा आठवडा वेगाने सरकला. गिरींनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. संसदेचे अधिवेशन २१ जुलैला सुरू व्हायचे होते आणि अधिवेशन चालू असताना वटहुकूम काढता येत नाही. गिरीही पद सोडण्याच्या बेतात होते. त्यामुळे वटहुकूम तयार करून त्यावर सही घेण्यासाठी हाताशी काय ते एक-दोन दिवस उरले होते. इतका मोठा आर्थिक निर्णय पंचांगातल्या दोन तारखांच्या मधे बसवला गेला.

८/
निर्णयामागचा प्रश्न मात्र खरा होता. ज्यांच्या ठेवी ५० कोटी रुपयांहून कमी नव्हत्या अशा या चौदा बँका होत्या. देशातील बँकठेवींपैकी सुमारे ८५ टक्के ठेवी त्यांच्याकडे होत्या. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही त्यांत होती. ठेवी लहानमोठ्या बचतदारांच्या. कर्ज मुख्यतः उद्योग आणि व्यापाराला. शेतीच्या वाट्याला बँककर्जातला जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा येत होता. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्याला बँकेपेक्षा सावकाराचे दार जवळ होते.

९/
विरोधकांचे आक्षेपही पोकळ नव्हते. कर्ज कोणाला द्यायचे हे राज्यकर्ते ठरवू लागले तर त्यावर अंकुश कोणाचा? भागधारकांना भरपाई किती आणि कोणत्या निकषाने? नव्याने केलेला कायदा वापरून पाहण्याआधीच मोडीत का काढायचा? हे प्रश्न विचारणाऱ्यांत स्वतंत्र पक्ष आघाडीवर होता. जनसंघाचाही विरोध होता. १९६७ च्या लोकसभेत या दोन पक्षांचे अनुक्रमे ४४ आणि ३५ सदस्य निवडून आले होते. या दोघांनी मिळून राष्ट्रपतिपदासाठी तिसरा उमेदवार दिला : चिंतामणराव देशमुख.

१०/
पहिला नागपुरी धागा हाच. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले, संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, पुढे केंब्रिज आणि १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिले. नेमणूक झाली मध्य प्रांत व वऱ्हाडात, ज्याची राजधानी होती नागपूर. १९२० पासून १९३९ पर्यंत त्यांची सनदी कारकीर्द याच प्रांतात घडली.

११/
जमिनीच्या मोजणीपासून सचिवालयातल्या अर्थखात्यापर्यंतची कामे त्यांनी येथे केली. १९३५ च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी ठरवण्यासाठी सर ऑटो नीमायर यांची चौकशी झाली. मध्य प्रांताची बाजू मांडणारे निवेदन देशमुखांनी तयार केले आणि ते वाखाणले गेले. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नागपूरच्या फायलींत घडलेला माणूस देशाच्या नोटांवर सही करू लागला.

१२/
१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा गव्हर्नर देशमुख होते. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. १९५४ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. गोरवाला समितीच्या या कामात धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याच्या कर्जातला सुमारे ७० टक्के भाग सावकारांकडून येतो आणि व्यापारी बँकांचा वाटा एक टक्काही नाही, असे त्या पाहणीत आढळले. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. अर्थमंत्री होते देशमुख.

१३/
नंतर आयुर्विमा. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी विमा कंपन्यांमधले गैरव्यवहार लोकसभेत चव्हाट्यावर मांडले. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. त्या दिवशी आकाशवाणीवरून देशाला ही बातमी सांगणारा आवाज देशमुखांचा होता. साडेतेरा वर्षांनी, तसाच एकोणीस तारखेला, तसाच वटहुकूम, तसेच आकाशवाणीवरचे भाषण. फरक एवढाच की १९६९ मध्ये देशमुख समोरच्या बाकावर मोजले जात होते.

१४/
गिरींचाही बँकांशी जुना संबंध होता. ते मूळचे कामगार पुढारी. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते श्रममंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत कामगार अपील न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा सरकारने बदलला, तेव्हा १९५४ मध्ये गिरींनी राजीनामा दिला. अर्थखाते तेव्हा देशमुखांकडे होते. दोन वर्षांनी देशमुखांनीही मंत्रिपद सोडले. कारण होते मुंबई महाराष्ट्राला नाकारली जाण्याचे. एकाच मंत्रिमंडळातून तत्त्वासाठी बाहेर पडलेले दोघे १९६९ मध्ये समोरासमोर उभे होते.

१५/
म्हणजे आर्थिक धोरणावर खरा वादविवाद घडवायचा, तर याहून योग्य जोडी मिळणे कठीण होते. एकाने बँकेतल्या कारकुनाच्या पगारासाठी मंत्रिपद सोडले होते. दुसऱ्याने मध्यवर्ती बँक, सर्वांत मोठी व्यापारी बँक आणि आयुर्विमा या तिन्हींचे राष्ट्रीयीकरण जवळून हाताळले होते. खासगी मालकी कोठे थांबावी, सरकारी मालकीची किंमत काय, भरपाईचे सूत्र कोणते, या प्रश्नांवर अनुभवाने बोलणारा उमेदवार रिंगणात हजर होता. पण त्याची ओळख सांगितली गेली ती ‘उजव्यांचा उमेदवार’ अशी.

१६/
दुसरा नागपुरी धागा देशमुखांना उभे करणाऱ्या पक्षाच्या जन्मात सापडतो. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि सहकारी संयुक्त शेती यांचा पुरस्कार करणारा ठराव तेथे संमत झाला. चरणसिंग यांनी अधिवेशनातच त्याला जाहीर विरोध केला. प्रा. रंगा यांनी पुढे काँग्रेस सोडली. राजाजी, मिनू मसानी आणि रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष उभा केला आणि रंगा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ‘नागपूर ठराव’ हा शब्द त्या काळच्या राजकारणात शहराच्या नावापेक्षा धोरणाचे नाव म्हणून अधिक उच्चारला जाई.

१७/
आणखी एक योगायोग. नागपूर अधिवेशनानंतर काही दिवसांतच काँग्रेसच्या अध्यक्षपदी ज्यांची निवड झाली, त्या इंदिरा गांधी होत्या. म्हणजे ज्या ठरावातून स्वतंत्र पक्ष जन्मला, तो राबवण्याची जबाबदारी पक्षाध्यक्ष म्हणून प्रथम त्यांच्याकडे आली. शेतजमिनीवर सुरू झालेला वाद दहा वर्षांनी बँकेच्या तिजोरीपाशी येऊन पोहोचला. माणसे बरीचशी तीच होती.

१८/
तिसरा धागा मोहम्मद हिदायतुल्ला यांचा. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि नंतर केंब्रिजला. वकिली नागपुरात, न्यायाधीशपद नागपूर उच्च न्यायालयात, आणि १९५४ पासून त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली आणि उच्च न्यायालयाचे रूपही बदलले. हिदायतुल्ला मध्य प्रदेशात गेले आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात. १९६९ मध्ये ते सरन्यायाधीश होते. २० जुलैला गिरींनी पद सोडताच मे महिन्यातल्या त्या नव्या कायद्यानुसार ते राष्ट्रपती भवनात आले.

१९/
त्या पस्तीस दिवसांत त्यांच्यापुढे दोन मोठे प्रसंग आले. पहिला : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन ३१ जुलैला दिल्लीत आले. निक्सन म्हणजे १९६० मध्ये केनेडींशी दूरचित्रवाणीवर जाहीर वाद घातलेले उमेदवार. त्यांचे स्वागत करणाऱ्या देशातही तेव्हा राष्ट्रपतिपदाचा प्रचार ऐन भरात होता; पण येथे मत देणारे होते आमदार आणि खासदार, आणि प्रचार चालला होता बैठका, पत्रे आणि कानगोष्टींतून. दुसरा प्रसंग : बँकांचा वटहुकूम संसदेत विधेयक होऊन मंजूर झाला आणि ९ ऑगस्टला त्यावर संमतीची सही हिदायतुल्लांना करावी लागली.

२०/
प्रचाराची पातळी पुढे घसरत गेली. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटून, दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना द्यावीत अशी विनंती केली. इंदिरा गांधींच्या गटाने याचेच हत्यार केले आणि ‘सदसद्विवेकबुद्धीने मत द्या’ अशी हाक दिली. रेड्डींची बदनामी करणारे निनावी पत्रक संसद सदस्यांपर्यंत पोहोचले. त्यावरून पुढे निवडणूक याचिका झाली आणि राष्ट्रपती असताना गिरींना सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यावी लागली. याचिका फेटाळली गेली.

२१/
१६ ऑगस्टला मतदान, २० ऑगस्टला मोजणी. या निवडणुकीत प्रत्येक मताचे मूल्य वेगळे असते आणि मतदार पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतके मूल्य मिळाले. जिंकण्यासाठी ४,१८,१६९ चा कोटा हवा होता. तो कोणीच गाठला नाही. आता निर्णय पुढच्या पसंतीवर आला.

२२/
बाद होणाऱ्या उमेदवारांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. त्यांतला सर्वांत मोठा गठ्ठा देशमुखांचा होता. रेड्डींची बेरीज सुमारे ९२ हजारांनी वाढून ४,०५,४२७ झाली. गिरींची वाढ केवळ साडेअठरा हजारांची, पण एकूण ४,२०,०७७. कोट्याहून १,९०८ अधिक. मोजणीच्या अखेरच्या टप्प्यात सर्वांचे लक्ष देशमुखांच्या मतांकडे लागले होते, ते ती मते पुढे कोणाकडे जातात एवढ्यासाठी.

२३/
२४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली आणि हिदायतुल्ला न्यायालयात परतले. बँकांचा प्रश्न त्यांच्या पाठोपाठ तेथे आला. सेंट्रल बँकेचे संचालक रुस्तम कूपर यांच्या याचिकेवर अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले. त्यात सरन्यायाधीश नव्हते. त्या कायद्यावर त्यांचीच सही होती. १० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने दहा विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. चौदाच बँका का, आणि भरपाईचे निकष कोणते, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरले. चार दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला आणि राष्ट्रीयीकरण टिकले.

२४/
लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही : जे आक्षेप जुलै-ऑगस्टमध्ये पक्षीय गदारोळात बुडाले, ते फेब्रुवारीत न्यायासनासमोर शांतपणे तपासले गेले आणि सरकारला आपला कायदा दुरुस्त करून लिहावा लागला. आधी निर्णय, मग निवडणूक आणि सर्वांत शेवटी युक्तिवाद, असा हा उलटा क्रम होता.

२५/
निर्णयाचे परिणाम मात्र दूरवर गेले. जून १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात पोहोचल्या. गाडगीळ अभ्यासगटाच्या शिफारशींतून त्याच वर्षाअखेरीस अग्रणी बँक योजना आली आणि प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर सोपवली गेली. बँक तालुक्याला आणि बाजारगावाला पोहोचली. वसुलीचे प्रश्न आणि कर्जवाटपातला राजकीय हस्तक्षेप हेही तिच्यासोबत आले. दोन्ही बाजूंनी १९६९ मध्ये जे म्हटले होते त्यातले बरेचसे खरे ठरले.

२६/
माणसांचे पुढे काय झाले? नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. रेड्डींना मत दिलेले यशवंतराव चव्हाण इंदिरा गांधींसोबत राहिले आणि १९७० मध्ये राष्ट्रीयीकृत बँकांचे अर्थमंत्री झाले. हरलेले रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. हिदायतुल्ला १९७९ मध्ये उपराष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा काही दिवस राष्ट्रपतीचे काम पाहिले. त्याच महिन्याच्या २ तारखेला चिंतामणराव देशमुखांचे निधन झाले होते.

२७/
१९६९ च्या पुस्तकी वर्णनात गिरी म्हणजे डावे, देशमुख म्हणजे उजवे आणि रेड्डी म्हणजे सिंडिकेट, अशी तीन खुणांची ओळख पुरते. नागपूरच्या बाजूने पाहिले तर त्या खुणा गळून पडतात. स्टेट बँक आणि आयुर्विम्याचा अर्थमंत्री राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांच्या यादीत दिसतो. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला संमती देणारा हात पक्षातीत न्यायाधीशाचा असतो. आणि आर्थिक ठरावाचा शिल्पकार पंतप्रधानांच्या उमेदवाराविरुद्ध मत देतो. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे आकडा लिहायचा असतो. तो आकडा कोणत्या धोरणासाठी लिहिला, हे लिहायला तेथे जागा नसते.